नॉर्वेजियन भाषा आणि एकलव्यांची अडचण

नॉर्वेचे नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी माणसाला ऑक्टोबर २०२२ पासून सामान्यतः अधिक कठीण अशी तोंडी भाषापरीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तोवर युरोपीय मापनातील 'ए-२' ही पायरी पुरेशी मानली जात असे. आता 'बी-१' लागते. बाजारहाटापुरती भाषा आणि स्वतःचे मत मांडण्याइतकी भाषा यांत जे अंतर असते, तेच या दोन पायऱ्यांत आहे. यामागील हेतू गैर आहे असे म्हणता येणार नाही. सुमारे ५५ लाख लोकांच्या भाषेने इंग्रजीच्या लोंढ्यात पाय रोवून उभे राहण्याची धडपड करावी, हे स्वाभाविकच आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की नवागताने ही भाषा शिकावी कोठे आणि कोणाच्या खर्चाने?

या बाबतीत नॉर्वेचा कायदा सर्वांना एकाच मापाने मोजत नाही. निर्वासितांना सरकारी खर्चाने शिक्षण मिळते. युरोपीय आर्थिक क्षेत्रातून आलेल्यांवर सक्तीही नाही आणि त्यांना हक्कही नाही. त्या क्षेत्राबाहेरून नोकरीच्या परवान्यावर आलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र सक्ती येते, विनामूल्य शिक्षणाचा हक्क येत नाही. पुण्याहून ओस्लोला जाणारा अभियंता या तिसऱ्या वर्गात मोडतो. विद्यार्थ्यांची स्थितीही पूर्वीसारखी राहिलेली नाही. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तेथील सरकारी विद्यापीठांत फी द्यावी लागत नसे. २०२३ च्या शरद सत्रापासून ती द्यावी लागते. फी, महाग राहणीमान आणि त्यावर भाषेचा खासगी वर्ग हा भार ज्याला पेलत नाही, त्याने एकलव्य व्हावे हे ओघानेच आले.

या एकलव्याला साधनांची वाण नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ट्रॉन्हेम येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने प्रारंभिक अभ्यासक्रम ध्वनिमुद्रणांसह इंटरनेटवर विनामूल्य ठेवला आहे, आणि तो कोणत्याही विकतच्या प्रवेशिकेच्या तोडीचा आहे. बर्गन विद्यापीठ आणि नॉर्वेची भाषा परिषद यांचे दोन प्रमाण शब्दकोश घरबसल्या फुकट पाहता येतात. त्यांत प्रत्येक शब्दाची रूपे कोष्टकात दिलेली असतात. सोप्या भाषेत बातम्या देणारे 'क्लार ताले' हे वृत्तपत्र आहे, राष्ट्रीय नभोवाणी आहे. मोबाइलवरील खेळवजा धड्यांचे तर पीकच आले आहे. हे धडे पहिले दोन-तीन महिने गोडी लावतात, त्याहून अधिक काही करीत नाहीत; परंतु रोजची हजेरी लागली म्हणजे विद्या आली, असा भ्रम ते उत्तम रीतीने निर्माण करतात.

खरी अडचण दुसऱ्या वर्षी सुरू होते. पहिल्या पायरीसाठी वीस साधने, तर 'बी-१' पासून 'बी-२' पर्यंतच्या वाटेवर जवळजवळ शुकशुकाट. नॉर्वेजियन माध्यमाच्या विद्यापीठीय शिक्षणाला मात्र सामान्यतः हीच 'बी-२' ची पायरी लागते. नॉर्वेतील वर्गांत चालणारी 'पो वाय', 'स्ताइन पो स्ताइन' ही पाठ्यपुस्तके चांगली आहेत. तथापि ती आरंभापासून अखेरपर्यंत नॉर्वेजियनमध्येच लिहिलेली असून वर्गात शिक्षक उभा आहे हे गृहीत धरून रचलेली आहेत. एकट्याने शिकणाऱ्याची चूक ती दाखवीत नाहीत. शिवाय समोरचा नॉर्वेजियन माणूस अडखळणारे दुसरेच वाक्य ऐकून सौजन्याने इंग्रजीकडे वळतो. हे सौजन्य शिकणाऱ्याला फार महागात पडते.

त्यातच या एका भाषेला लेखनाची दोन प्रमाण रूपे आहेत. चार शतकांहून अधिक काळ डेन्मार्कशी जखडलेल्या या देशात शिष्टांची लेखनभाषा डॅनिश होती. तिचेच क्रमाने नॉर्वेजियन वळण घेतलेले रूप म्हणजे 'बोकमोल'. दुसरे 'नीनोश्क'. ते घडविणारा ईव्हार ओसेन हा शेतकऱ्याचा मुलगा स्वतःच एकलव्य होता. विद्यापीठाची पदवी नसताना १८४२ पासून काही वर्षे खेडोपाडी हिंडून त्याने बोली गोळा केल्या, १८४८ मध्ये व्याकरण आणि १८५० मध्ये कोश सिद्ध केला. १८८५ मध्ये संसदेने दोन्ही रूपांना समान दर्जा दिला. आज शाळकरी मुलांपैकी सुमारे दहा-बारा टक्केच नीनोश्क ही मुख्य लेखनभाषा म्हणून शिकतात. त्यामुळे नवशिक्याने बोकमोलपासून आरंभ करावा हे व्यवहार्य आहे, आणि बहुतेक सर्व साधने तीच वाट दाखवितात. मात्र २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळविणारा यून फोस्से नीनोश्कमध्ये लिहितो. बोलण्याला तर सरकारी प्रमाण रूपच नाही. मंत्रीही संसदेत आपल्या गावच्या बोलीत बोलतो. प्रवेशिकेतील स्वच्छ उच्चारांवर पोसलेला कान रेल्वेच्या डब्यात बधिर व्हावा, यात नवल नाही. म्हणून दुसऱ्या महिन्यापासून, न समजले तरी, नभोवाणी ऐकण्याची सवय लावणे हे नव्या पुस्तकाच्या खरेदीपेक्षा अधिक फलदायी ठरते. 'शेतकरी' आणि 'घेवडे' या अर्थांचे नॉर्वेजियन शब्द केवळ सुरावरून वेगळे ओळखले जातात. हा सूर कोणत्या पुस्तकात छापणार?

मराठी माणसापाशी या कामी काही भांडवल आधीच आहे. पण इंग्रजीतून शिकताना ते त्याच्या ध्यानातच येत नाही. नॉर्वेजियनमधील तीन लिंगांचे इंग्रजी पुस्तकांना मोठे ओझे वाटते. मराठीत नपुंसकलिंग अद्याप नांदते आहे. 'हूस' म्हणजे घर, आणि विशिष्ट घर सांगायचे तर त्याच शब्दाला शेपूट लागून 'हूसे' होते. घर, घरात, घराला असे बोलणाऱ्याला शब्दाच्या अंती जोडलेला प्रत्यय परका वाटू नये. ओस्लोकडील उच्चारांत 'र' च्या पाठोपाठ येणारे त, द, न हे ट, ड, ण होतात. मूल या अर्थाचा शब्द लिहायचा 'बार्न' आणि म्हणायचा जवळजवळ 'बाण'. पूर्वेकडच्या बोलींतील जाड 'ल' तर मराठी 'ळ' चा शेजारीच. (घशातून 'र' काढणाऱ्या बर्गनमध्ये हे मूर्धन्य उच्चार मिळत नाहीत.) इंग्रज विद्यार्थ्याला जिभेची जी कसरत करावी लागते, ती मराठी मुलाने वर्णमालेबरोबरच केलेली असते.

तरीही हे सांगणारी पुस्तिका मराठीत सहज हाती लागत नाही. नॉर्वेच्या भाषेशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे, पण तो नेहमी आडवाटेचा. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने रंगभूमीवर आणलेले 'आंधळ्यांची शाळा' हे ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावर आधारलेले होते. इब्सेनचा प्रवासही इंग्रजीतूनच झाला. नॉर्वेने स्थलांतरितांसाठी तयार केलेल्या 'लेक्सिन' या बहुभाषी शब्दकोशात तमिळ आणि उर्दू आहेत, कारण श्रीलंकेतील तमिळ निर्वासित आणि पाकिस्तानी कामगार तेथे हजारोंनी स्थायिक झाले. मराठी भाषकांची संख्या तेथे तेवढी होण्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. विदेशी भाषांचे विभाग चालविणाऱ्या महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाने शंभर पानांची उच्चार-व्याकरण पुस्तिका आणि सोबत तासाभराचे ध्वनिमुद्रण एवढे जरी काढले, तरी ट्रॉन्हेमच्या फुकट अभ्यासक्रमाची पहिली सहा प्रकरणे मराठी विद्यार्थ्याला निम्म्या श्रमात ओलांडता येतील.