भेदाची नवी भाषा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी तो अर्पण केला. १८६५ च्या घटनादुरुस्तीने तेथील गुलामगिरी संपुष्टात आली होती. आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा, ही जोतीरावांची अपेक्षा होती. परंतु पुढे दक्षिणेतील राज्यांनी साक्षरतेची परीक्षा आणि मतदानकर या साधनांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला. तो खऱ्या अर्थाने परत मिळण्यास १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला.

कायदा झाला म्हणून राजकारणातील वर्णद्वेष संपला काय? नाही, त्याने केवळ भाषा बदलली. अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस १९६३ मध्ये वर्णविभाजनाचा उघड पुरस्कार करीत होते. १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तेच वॉलेस ‘कायदा आणि सुव्यवस्थे’ची भाषा बोलू लागले आणि त्यांनी पाच राज्ये जिंकली. शब्द सभ्य होते. ऐकणाऱ्यांना अर्थ कळत होता. तेव्हापासून ही सांकेतिक भाषा अमेरिकी राजकारणातून गेलेली नाही.

दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण आपले अंगण पाहिले पाहिजे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यातील खेड्यांत दलितांची घरे पेटली. विरोधाच्या व्यासपीठावर जातीचा उच्चार क्वचितच होई. भाषा होती प्रादेशिक अस्मितेची. मराठवाड्याच्या मागासलेपणाची व्यथा खरी होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्यांची घरे जळाली, त्यांनी मराठवाड्याचे पाणी अडविले नव्हते की कारखाने पळविले नव्हते. खरी व्यथा खोट्या शत्रूवर खर्ची पडली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका नावासाठी साडेपंधरा वर्षे गेली.

यामागे एक अर्थशास्त्र आहे. बाबासाहेबांनी ज्यांच्याशी १९४६ मध्ये पत्रव्यवहार केला, त्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्येच ते मांडले होते. दक्षिणेतील गरीब गोऱ्या मजुराला रोजगार कमीच मिळे. त्याची भरपाई म्हणून श्रेष्ठत्वाचे एक मानसिक वेतन त्याच्या पदरी टाकले जाई. या वेतनाने चूल पेटत नाही. परंतु काळ्या मजुराच्या खांद्याला खांदा लावून वाढीव मजुरी मागण्याची त्याची इच्छा मात्र मरते. फायदा होतो तो दोघांनाही राबविणाऱ्याचा.

आमच्या वालचंदनगर-इंदापूरच्या परिसरात उसाच्या फडातील कोयत्याचा दर जात पाहून ठरत नाही; तो टनावर ठरतो. निवडणूक आली की मात्र त्याच मजुराची मोजणी जातीने होते, आणि दराचा प्रश्न बाजूला पडतो. म्हणून मत मागावयास येणाऱ्याच्या तोंडी अस्मिता, परंपरा, शिस्त असे भारदस्त शब्द आले, की सुशिक्षित मतदाराने एकच प्रश्न विचारावा : यातून कोणाची मजुरी, कोणाची शाळा, कोणाचे पाणी वाढणार? ज्या शब्दांपाशी याचे उत्तर नसेल, ते केवळ मानसिक वेतन होय. ते नाकारण्याचे धैर्य शिक्षक आणि कारकून या वर्गाने प्रथम दाखविले पाहिजे, कारण ते वेतन घेणाऱ्यांत हा वर्गही मागे राहिलेला नाही.