तीन लिपींची पाटी

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला आणि जेवणाच्या पंगतीत, अपेक्षेप्रमाणे, जुन्या टॉकीजची नावे निघाली. मोहन, सादिया, अंबर, अभिनय, अप्सरा, खडकेश्वरची अंजली. 'शोले' कोणी किती वेळा पाहिला यावरून दोन निवृत्त गृहस्थ हमरीतुमरीवर आले. मग गुलमंडीवरची इमरती आली, नान-कलिया आला आणि शेवटी "ते औरंगाबाद राहिले नाही" हे वाक्यही आले. 2023 पासून शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. पण बोलणाऱ्याच्या मनात नाव नव्हते, बाजार होता. मीही मान डोलावली. घरी येताना मात्र वाटू लागले की, आपण भलत्याच गोष्टीसाठी उसासे टाकीत आहोत. इमरती आजही मिळते. नान-कलियाही मिळतो. सिनेमा तर खिशातल्या फोनवर आहे. मग गेले ते काय?

माझे उत्तर काहीसे विक्षिप्त वाटेल. आपले वाचता येणे गेले.

त्या काळी हिंदी चित्रपट सुरू झाला की, त्याचे नाव पडद्यावर रोमन, नागरी आणि उर्दू अशा तीन लिपींत येई. टॉकीजबाहेरच्या पोस्टरवरही बहुधा तसेच. मी दहा-बारा वर्षांचा होतो. नागरी नावाच्या आधाराने शेजारचे उर्दू नाव ओळखायचे, हा मला छंद लागला. खेळ सुरू होण्यापूर्वी पुढच्या बाकावर बसून हे उद्योग चालत. मागून शेंगांची टरफले अंगावर येत, तिकडे लक्ष नसे. 'शोले'त मोठी पंचाईत झाली. 'ओ' साठी 'वाव' हे अक्षर असणार अशी माझी खात्री; पण शीननंतर भलतेच अक्षर दिसले. दुसऱ्या दिवशी शहागंजच्या वाटेवर घड्याळे दुरुस्त करणाऱ्या चाचांना विचारले. डोळ्याचे भिंग न काढता ते म्हणाले, "वो ऐन है, मियाँ." आणि ऐन म्हणजे काय, तो कोठून आला, हे सांगण्यात त्यांनी माझा अर्धा तास आणि एका गिऱ्हाइकाचा संयम खर्च केला. माझी उर्दूची शाळा ती एवढीच. टॉकीजमध्ये प्रश्न पडावा आणि दुकानात उत्तर मिळावे.

दुकानांच्या पाट्याही तशाच तीन लिपींच्या. गादीवर बसलेल्या मारवाडी शेठजींच्या तोंडी तीन भाषा सहज असत, गिऱ्हाईक बदलले की भाषा बदले. आजोबा सांगत, निजामाच्या काळात दुकानदाराला नाणीही दोन सांभाळावी लागत. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब पोरांनाही तोंडपाठ. दोन चलने, तीन लिप्या आणि शेर-पायलीची मापे एकाच डोक्यात ठेवणाऱ्या त्या मंडळींना आपण अल्पशिक्षित म्हणतो, ही गंमतच आहे.

कोणी म्हणेल, उर्दू ही आमच्यावर लादलेली होती. खरेच आहे. 1884 च्या सुमारास हैदराबाद संस्थानाने फारसीऐवजी उर्दू राजभाषा केली. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. मराठी मुलांची त्यात गळचेपी झाली आणि मुक्तिसंग्रामातल्या रागाला ही धार होती. 17 सप्टेंबर 1948 ला ती सक्ती संपली, हे उत्तमच झाले. परंतु कचेरीने लादलेली उर्दू वेगळी आणि बाजाराने शिकविलेली वेगळी. बाजारातली भाषा माणसे गरजेपोटी व थोडीशी लोभापोटी शिकतात. तिच्यात मानहानी नसते.

आणि तो बाजार स्वर्ग होता असेही नाही. तिकिटाच्या खिडकीत हात घालणाऱ्याला कोणी जात विचारीत नसे; प्रत्येक हॉटेलात मात्र तसे नव्हते, हे नागसेनवनातल्या वसतिगृहात राहिलेले माझे ज्येष्ठ स्नेही अजून सांगतात. माझ्या आत्याने टॉकीजमध्ये पाहिलेले सिनेमे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्यांना सर्वत्र मुक्त प्रवेश होता, त्यांचेच स्मरणरंजन जास्त रंगते!

2011 साली जुन्या शहरात रस्ता रुंदीकरण झाले. दुकानांची तोंडे कापली गेली, तोंडांबरोबर जुन्या रंगीत पाट्याही गेल्या. नंतर फ्लेक्स आले. रस्ते रुंद व्हायलाच हवे होते. पण त्या पाट्यांचे एक छायाचित्रही आम्ही काढून ठेवले नाही. दरवाजांवर आम्ही प्रबंध लिहिले, दुकानांवर नाही. मे 2018 च्या दंगलीत शहागंजात दुकाने जळाली, त्यानंतर कित्येक दिवस मी त्या बाजूला गेलो नाही. भीती होती असे नाही. कोणाशी काय बोलावे, ते सुचेना.

2022 च्या दुरुस्तीनंतर राज्यात प्रत्येक दुकानाला मराठी पाटी सक्तीची झाली, आणि ते मला मान्य आहे. त्या कायद्याने इतर लिपींना मनाई केलेली नाही, हे मात्र आपण सोयीने विसरतो. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवरील उर्दूविरुद्ध तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे सांगून न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये ती फेटाळली. आमच्या घड्याळवाल्या चाचांनी हे फुकट सांगितले असते.

नियतीचा विनोद पाहा. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे तपासायला घेतली, आणि मराठवाडाभर एकच धावपळ उडाली, मोडी आणि उर्दू वाचणारा माणूस शोधा! ज्या लिपीकडे आम्ही पाठ फिरविली, तिच्यात आमच्याच पणजोबांचे कागद होते.

आमच्याही घरी पत्र्याच्या पेटीत एक खरेदीखत निघाले. मी मोठ्या ऐटीने वाचायला बसलो. पोस्टरवरची सुबक अक्षरे वेगळी आणि कारकुनाची घसटती शिकस्ता वेगळी. दोन ओळींत माझी विद्या संपली. शेवटी शहागंजच्या वाटेवरचे तेच दुकान गाठले. चाचा आता नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. साठी ओलांडलेला आहे. त्याने बापाचेच भिंग डोळ्याला लावले आणि बोट ठेवून वाचू लागला. "हुदूद-ए-अर्बा... म्हणजे तुमच्या मराठीत चतुःसीमा, सर. मशरिकला नाला, शुमालला चिंचेचं झाड." चिंचेच्या झाडावरून आमच्या दोन चुलत घरांत चाळीस वर्षे अबोला होता. झाड हद्दीवर होते, म्हणजे दोघांचेही.

मी म्हटले, "मुलाला शिकवा हे."

"त्याला कुठलं येतं? इंग्रजी शाळेत जातो तो," असे म्हणत त्याने कागद जुन्याच घड्यांवर मिटून परत दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या घड्याळातला सेल बदलायला घेतला.