खुलं जग की खाली केलेलं जग?

गेम खेळणारं पोरगं चळवळीतून गेलं, असं आमच्या वस्तीतले जुने कार्यकर्ते म्हणतात. जयंतीच्या मिरवणुकीला हजर, मोर्चाला गैरहजर, रात्रभर डोळे फोडत बसलेलं. आणि डोळे फोडणारी पोरं म्हणतात, गेममध्ये राजकारण घुसडू नका राव, टाइमपास आहे. मला दोघांशीही भांडायचंय. ज्या गोष्टीच्या सात कोटींहून जास्त प्रती जगभर खपतात तिला टाइमपास म्हणून सोडून देता येत नाही. ते गोऱ्या अमेरिकेनं स्वतःबद्दल सांगितलेलं पुराण आहे. आणि पुराणाशी कसं वागायचं हे आपल्याला जोतीबांनी शिकवलंय. फेकून द्यायचं नाही, पूजायचं तर नाहीच नाही. उलटं टांगायचं आणि खिशातून काय काय पडतंय ते बघायचं.

मी बोलतोय ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ बद्दल. रॉकस्टार कंपनीनं २६ ऑक्टोबर २०१८ ला हा गेम बाजारात आणला आणि पहिल्या तीनच दिवसांत ७२.५ कोटी डॉलरचा धंदा केला. साल १८९९. अमेरिकेच्या पश्चिमेवर बेतलेली पाच काल्पनिक राज्यं. डच व्हॅन डर लिंड नावाच्या म्होरक्याची दरोडेखोरांची टोळी, आणि त्या टोळीतला उजवा हात आर्थर मॉर्गन म्हणजे तुम्ही. घोड्यावर टांग टाका आणि डोंगर, दलदल, वाळवंट, शहर, जिकडं वाटेल तिकडं जा. ह्याला म्हणायचं ‘ओपन वर्ल्ड’. खुलं जग.

मी खराडीत राहतो. इथल्या माणसाला ‘खुलं जग’ हा शब्द ऐकून हसूच येतं. ज्या रानात आमच्या आज्यांनी दुसऱ्याची खुरपणी केली त्या रानावर आता आयटी पार्कची काच उभी आहे. माझी आई एका सोसायटीत चार घरची धुणीभांडी करते. गेटवर तिचा फोटोचा पास. वॉचमनच्या मोबाइलमध्ये तिची आत जाण्याची वेळ, बाहेर पडण्याची वेळ. निघताना पिशवीची झडती. वर जायला सर्व्हिस लिफ्ट, जिच्यातून कचरा, कुत्री आणि कामवाल्या बाया जातात. आम्ही चौघांनी वर्गणी काढून घेतलेल्या जुन्या प्लेस्टेशनवर हा गेम लावला तेव्हा कुणी विचारलं नाही, कुठला रे तू, कुणाचा, आडनाव काय. ही या गेमची पहिली ताकद आहे आणि ती मी नाकारणार नाही. उपाशी माणसाला जेवणाचं चित्र दाखवलं तरी तोंडाला पाणी सुटतंच.

चित्रही असं तसं नाही. घोडा चिखलानं भरतो, त्याला खरारा करावा लागतो, चारावा लागतो. बंदूक पुसली नाही तर गंजते. गावातला माणूस सकाळी कामाला लागतो, संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात बसतो. हरीण मारलं तर ते आपोआप पैशात बदलत नाही. आर्थर सुरी काढतो, गुडघ्यावर बसतो, कातडं ओरबाडून सोलतो, खांद्यावर टाकून घोड्यापर्यंत नेतो. दरवेळी. घाईतल्या खेळाडूंची तक्रार अशी की हे फार संथ आहे, कंटाळा येतो. अरे, कष्टाला वेळ लागतो! ज्यांच्या घरात कुणी कधी ढोर सोललं नाही त्यांनाच कातडं बटण दाबल्यासरशी निघून यावंसं वाटतं. माझ्या आज्यानं आयुष्यभर तेच केलं. पडद्यावर पहिल्यांदा त्या कामाला लागणारा वेळ मी बघितला आणि माझी मान खाली गेली नाही.

पण पुढं बघा. आर्थर ते कातडं खाटकाला विकतो आणि त्याच रक्ताळल्या हातानं गुत्त्यात जाऊन ग्लास उचलतो. कुणी त्याला वेगळा ग्लास देत नाही. कातडं सोलून तो बाटत नाही, उलट मर्द ठरतो. इकडं ११ जुलै २०१६ ला गुजरातच्या उनामध्ये मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून, उघडं करून, रस्त्यावर फोडून काढलं. आणि घोडा? ज्या साली हा गेम आला त्याच २०१८ च्या मार्चमध्ये भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात एका दलित पोराचा खून झाला. तो घोडा पाळतो, घोड्यावर बसतो हे दरबारांना खपलं नाही, अशी फिर्याद त्याच्या बापानं दिली. खेळातला घोडा कुणालाही मिळतो, मातीवरचा घोडा जात बघतो. म्हणून आपलं पोरगं आणि कोथरूडच्या बंगल्यातलं पोरगं एकच गेम खेळत असले तरी ते एकच गेम खेळत नसतात. ‘राजकारण घुसडू नका’ म्हणणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. राजकारण आम्ही घुसडत नाही. ते आधीपासूनच खोगिरावर बसलेलं आहे.

आता त्या खुल्या जमिनीकडं या. मैलोनमैल मोकळं रान, गवत, बायसन. ही जमीन खुली नव्हती. ती खाली केलेली होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं अमेरिकन सरकारनं वसाहतवाल्यांना १६०-१६० एकर वाटले. कुणाचे? तिथल्या आदिवासींचे. १८८७ च्या डॉज कायद्यानं त्यांच्या राहिलेल्या सामूहिक जमिनीचे तुकडे पाडले आणि उरलेलं गोऱ्यांना मोकळं केलं. २९ डिसेंबर १८९० ला वुंडेड नी इथं सैन्यानं लाकोटा बायापोरांना गोळ्या घातल्या. खेळ सुरू होतो त्याच्या फक्त नऊ वर्षं आधी. म्हणजे मुडदे उचलून झाल्यावर जी शांतता पसरली, तिला आपण काय सुंदर निसर्ग आहे म्हणत घोडा दौडवतो.

गेमला हे माहीत आहे. हीच त्याची दुसरी ताकद, आणि इथंच त्याची कडही दिसते. वापिटी नावाच्या रिझर्वेशनवर रेन्स फॉल हा म्हातारा सरदार आणि ईगल फ्लाइज हा त्याचा तापट पोरगा. सरकारनं करार मोडलेला, तेलवाल्या कॉर्नवॉल शेटजीची नजर त्यांच्या जमिनीवर. बाप म्हणतो सबुरी, पोरगा म्हणतो लढाई. हे भांडण आपल्या प्रत्येक घरात झालेलं आहे, म्हणून ते काळजाला लागतं. पण त्या लढाईचा शेवट बघा. डच त्या पोराचा राग पेटवतो तो स्वतःच्या टोळीला पळायला वाट मिळावी म्हणून. पोरगा मरतो, आर्थरला वाचवताना मरतो. लेनी नावाचा काळा पोरगा, शिकलेल्या बापाचा लेक, टोळीतला सगळ्यात वाचणारा, बँकेच्या दरोड्यात छपरावर गोळी खाऊन पडतो. मेलेल्या काळ्याच्या आणि मेलेल्या आदिवासीच्या दुःखातून गोऱ्या आर्थरचा आत्मा शुद्ध होतो. च्यायला, आमचं मरण म्हणजे तुमच्या आत्म्याचा साबण काय? इतिहासकार सांगतात की गुरं हाकणाऱ्या खऱ्या काउबॉयमध्ये चारातला एक काळा होता. सिनेमानं त्यांना पुसून टाकलं. या गेमनं त्यांना परत आणलं, बोलायला लावलं, लेनीच्या तोंडून हेही वदवलं की दक्षिणेत लोक कसे बघतात ते तुला गोऱ्याला कळायचं नाही. एवढं करून लगाम मात्र गोऱ्याच्या हातात ठेवला. ‘गुलामगिरी’ १८७३ साली अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्यांना अर्पण करणारा आमचा जोतीबा होता, १९७२ साली ब्लॅक पँथरचं नाव अंगावर घेणारे आम्ही होतो. म्हणून लेनीला गोळी लागते तेव्हा आमचंच माणूस पडतं, आणि हा हिशेब आम्ही मागणारच.

डचला तर तुम्ही ओळखताच. सतत स्वातंत्र्यावर भाषण, सतत एक ‘योजना’, अजून एकच दरोडा, मग सगळे सुखात. पोरं मरतात, योजना बदलते, भाषण तेच. आपल्याकडं त्याला निळा गमछा घातला की झालं. कुठल्याही निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीत येऊन बघा.

तिसरी गोष्ट बंडखोरीची. खेळात तुम्ही दरोडा घातला की डोक्यावर बक्षीस लागतं. मग काय करायचं? पोस्टात जायचं, रक्कम भरायची, कागद साफ. ब्लॅकवॉटर गावचा एक जुना गुन्हा तेवढा आर्थरच्या मानेवरून उतरत नाही. बाकी सगळं पैशानं धुता येतं. आणि तुमचा चांगुलपणा? त्यालाही मोजपट्टी आहे. दोन माणसं मारा, मग लोकांना रामराम घालत फिरा, काटा पुन्हा वर. इंग्रजांनी १८७१ साली आपल्याकडं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं पारधी, कैकाडी, उचले अशांना त्यात गोवलं. आईच्या पोटातून बाहेर पडलेलं पोर गुन्हेगार. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण, आत हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पण चोरी झाली की पोलीस अजून पारध्याच्या पालावरच जातो. आर्थर स्वतःच्या मर्जीनं गुन्हेगार झाला, म्हणून तो नायक. आमच्या माणसाला गुन्हेगार ठरवून जन्माला घातलं, त्याच्यावर कुणी गेम काढत नाही. त्याचं नाव साफ करणारं पोस्ट ऑफिस या देशात कुठं आहे?

आता गेमच्या घडणीतली खोट सांगतो. जमीन खुली, गोष्ट बंद. हिंडता तोवर राजा. पण मिशन सुरू झालं की त्यांनी आखलेल्या वाटेवरून चार पावलं इकडंतिकडं झाली, स्वतःच्या डोक्यानं मागच्या बाजूनं वार करायचा म्हटलं, की लगेच ‘मिशन फेल’. एवढं अफाट जग रचणाऱ्यांचा खेळणाऱ्याच्या अकलेवर विश्वास नाही. ही खोट मला फार ओळखीची वाटते. कागदावर सगळे हक्क, आणि प्रत्यक्षात कुठल्या वाटेनं जायचं ते गावानं आधीच ठरवलेलं.

तरीही एका जागी हा गेम आपल्या साहित्यातल्या भल्याभल्यांना मागं टाकतो. टोळीचा सावकारीचा धंदा असतो. वसुलीला गेलेला आर्थर डाउन्स नावाच्या आजारी कर्जदाराला बदडतो. तो त्याच्या तोंडावर रक्त खोकतो. पुढं कळतं, क्षय झाला. अख्ख्या गेममध्ये शेकडो माणसं मारणाऱ्याला कुणाची गोळी संपवत आणत नाही, गरिबाच्या छातीतला रोग आणतो. डाउन्सची बायको पुढं देह विकते, पोरगा खाणीत जातो, तेही गेम दाखवतो. सावकारीचं पाप असं फुप्फुसात शिरलेलं मी मराठी सिनेमात बघितलेलं नाही. तिथं सावकार शेवटी एक तर हृदयपरिवर्तन करतो नाहीतर विनोद करतो.

आणि हे खुलं जग बांधलं कुणी? २०१८ साली खुद्द डॅन हाउझरनं आठवड्याला शंभर तास काम केल्याची फुशारकी मारली. बोंब झाल्यावर म्हणाला, आम्ही चौघा लेखकांनीच, तेही तीन आठवडे. मग कंपनीतले लोक बोलायला लागले, जादा तासांची, पिळवणुकीची गोष्ट बाहेर आली. रॉकस्टारचं ऑफिस बंगळुरातही आहे, तिथल्या आपल्या पोरांचेही हात या खेळाला लागलेत. डोंगरावरच्या त्या सूर्यास्तामागं कुणाची तरी झोप आहे. खराडीच्या काचेत रात्रपाळी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग पुण्यात काय बनतं? इथल्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीनं २०२० साली ‘राजी’ काढला. दिसायला देखणा, मेहनत खरी, नायिका मुलगी, आणि ती कसरती करणारी. कसरती करणारी पोर म्हणजे आपल्याकडं कोण? डोंबाऱ्याची, कोल्हाट्याची. पण गेममध्ये तिची जात हवेत विरते, देव तिला शस्त्रं देतात आणि तिचा शत्रू कोण? महाबलासुर! ज्या पुण्यात जोतीबांनी बळीला आमचा राजा म्हटलं त्याच पुण्यातून दीडशे वर्षांनी पुन्हा असुरच मारायला निघतो. अमेरिकेतला गोरा निदान आपल्या पापाभोवती घोडा फिरवून येतो. आपला पांढरपेशा पापाच्या गल्लीत पाऊलच टाकत नाही, थेट देवळात जातो.

म्हणून जुन्या कार्यकर्त्यांना सांगणं आहे, पोरांच्या हातातला कंट्रोलर हिसकावू नका. त्यांच्याशेजारी बसा, विचारा, ही जमीन कुणाची होती, हा काळा पोरगा का मेला. एका रात्रीत दहा शिबिरांचं काम होईल. आणि टॉवरमध्ये कोड लिहिणाऱ्या दोस्तांनो, तुमच्यात आपले कितीतरी आहेत, आडनाव लपवून बसलेले. परक्यांचे घोडे किती दिवस खरारायचे? नगर रोडचा नकाशा काढा. चंदननगर, खराडी, वाघोली, पुढं कोरेगावचा विजयस्तंभ. १ जानेवारीला लाखो माणसं चालतात तो रस्ता, २०१८ च्या १ जानेवारीला ज्याच्यावर दगड पडले आणि गाड्या जळाल्या तो रस्ता. त्यात सर्व्हिस लिफ्ट घाला. गावाची विहीर घाला, आणि तिच्याजवळ गेल्यावर कुणाचं मिशन फेल होतं ते खेळणाऱ्याला कळू द्या. पालावर रात्री येणारी पोलिसांची जीप घाला. १९२७ चं चवदार तळं घाला, पाण्यापर्यंत जायच्या शंभर वाटा ठेवा आणि एकही वाट आखून देऊ नका.

पैसा नाही, मशीन जुनी आहे, ठाऊक आहे. आपण सायक्लोस्टाइलवर मासिकं काढलेली माणसं आहोत. कामाला लागा.