नवीन कॅमेऱ्याची अग्निपरीक्षा: घ्यावी की नको?



साताऱ्यात माझ्या प्रिंट-अल्बमच्या दुकानात आणि सांगलीच्या बॅचमध्ये, दोन्हीकडे हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला नवीन कॅमेरा घेतलाय. पहिल्याच आठवड्यात त्याला पार पिळून बघू का?" पिळून म्हणजे एका दमात दहा हजार फोटो मारायचे, नळाखाली धरायचा, उन्हात तापवायचा, कोणी तर फ्रीजरमध्येही ठेवतं. यूट्यूबवर असे व्हिडिओ ढिगाने आहेत. बघायला मजा येते, हे मलाही मान्य आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कॅमेरा कुठे मोडतो हे शोधून तुमच्या खिशात एक रुपया येत नाही. तुमच्या कामात तो कुठे अडतो, हे मात्र पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी कळलंच पाहिजे. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत आणि बरेच जण पहिलीच्या नादात दुसरी द्यायची विसरतात.

व्हिडिओवाल्याचा धंदा वेगळा, तुमचा वेगळा

कॅमेरा पाण्यात बुडवणाऱ्याला त्या व्हिडिओचे व्ह्यूज मिळतात. कॅमेरा बंद पडला तर व्ह्यूज जास्तच मिळतात! तुमचं तसं नाही. तुम्ही मुद्राचं कर्ज काढलंय किंवा हप्त्यावर घेतलाय. कॅमेरा बंद पडला तरी हप्ता बंद होत नाही.

शिवाय त्याने तपासला तो एक नग. तुम्ही घेतला तो दुसरा. त्याचा वाचला म्हणून तुमचा वाचेल असं नाही, आणि त्याचा गेला म्हणून तुमचा जाईल असंही नाही.

दहा हजार फोटोंचा हिशोब

मेकॅनिकल शटर हा झिजणारा भाग आहे, गाडीच्या क्लच प्लेटसारखा. कंपन्या त्याचा आकडा सांगतात. कॅनन ५डी मार्क फोरला १,५०,००० आणि निकॉन डी८५० ला २,००,०००. स्वस्तातल्या बॉडीला साधारण एक लाखाच्या आसपास धरून चला. हा आकडा म्हणजे गॅरंटी नव्हे, कंपनीच्या चाचणीतला अंदाज आहे. शटर आधीही जाऊ शकतं, नंतरही.

आता बेरीज-वजाबाकी करा. समजा हळद, लग्न आणि रिसेप्शन मिळून तुम्ही ३,००० फोटो काढता. म्हणजे १० हजार फोटोंची टेस्ट ही तीन लग्नांपेक्षा जास्त झीज झाली, तीही फुकट. एक लाखाच्या शटरचा दहावा भाग तुम्ही पैसे न घेता वापरून टाकला. इलेक्ट्रॉनिक शटरवर ही झीज होत नाही, पण मग त्या टेस्टमधून शटरबद्दल काही कळतही नाही.

पाणी, भंडारा आणि आपलं हवामान

आपला भाग कॅमेऱ्याला तसाही सोपा नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिकडे जत, आटपाडीत पाऊस कमी आणि धूळ भरपूर. कासला सप्टेंबरमध्ये फुलांबरोबर धुकं आणि भुरभुर असतेच. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा असा उधळतात की समोरचा माणूस पिवळा होतो. लग्नातली हळद वेगळीच.

म्हणून काही जण म्हणतात, "सर, अशा ठिकाणी काम करायचं, मग आधीच पाणी मारून बघितलेलं बरं." इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. 'वेदर सील्ड' म्हणजे वॉटरप्रूफ नाही. वेदर सीलिंगचा बोर्ड लावणाऱ्या बहुतेक कंपन्या किती पाणी चालेल याचा आकडा देत नाहीत. २०२२ च्या ओएम सिस्टीम ओएम-१ ला आयपी५३ असं ठरावीक रेटिंग आहे, पण असे कॅमेरे थोडे. त्या रेटिंगचा अर्थही पाण्याचे शिंतोडे चालतील इतकाच आहे, बुडवायचा परवाना नव्हे.

आणि आत गेलेलं पाणी लगेच बोलत नाही. आज कॅमेरा पुसला, चालू झाला, तुम्ही खूश. आत सर्किटवर गंज धरतो आणि दोन-तीन महिन्यांनी ऐन लग्नसराईत बटण दाबलं जात नाही. सर्व्हिस सेंटरवाला उघडतो, ओलीची खूण बघतो आणि वॉरंटी नाकारतो. पाणी आणि वाळूने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. म्हणजे टेस्ट पास झाली की नाही हे तुम्हाला कळलंच नाही, वॉरंटी मात्र गेली.

भंडाऱ्यासाठी आणि पावसासाठी रेन कव्हर घ्या. गर्दीत लेन्स बदलू नका. भर पावसातच काम करायचं असेल तर त्यासाठी बनवलेला ॲक्शन कॅमेरा वेगळा घ्या.

मग ताण द्यायचाच नाही का?

द्यायचा. समोरच्या बाजूचा एक मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही.

इलेक्ट्रॉनिक वस्तू बिघडण्याचं प्रमाण सुरुवातीला जास्त असतं, मग बराच काळ कमी राहतं आणि शेवटी म्हातारपणी पुन्हा वाढतं. आलेखाचा आकार बाथटबसारखा दिसतो म्हणून त्याला बाथटब कर्व्ह म्हणतात. बनवतानाच दोष राहिलेला नग बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांत उघडा पडतो. म्हणून नवीन कॅमेरा कपाटात जपून ठेवून थेट लग्नात काढणं हाही मूर्खपणाच.

उदाहरण बघा. निकॉनचा डी६०० सप्टेंबर २०१२ मध्ये आला. सेन्सरवर धुळीचे, तेलाचे ठिपके दिसतात अशा तक्रारी सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने त्यावर सूचना काढली आणि २०१४ मध्ये वॉरंटी संपलेली असली तरी फुकट दुरुस्ती देऊ केली. हा दोष कोणी कॅमेरा आपटून किंवा बुडवून शोधला नव्हता. लोक नेहमीसारखे फोटो काढत गेले आणि ठिपके दिसले.

दुसरं उदाहरण कॅननच्या आर५ चं, साल २०२०. एट-के व्हिडिओ २३ अंश तापमानात साधारण २० मिनिटं चालेल, असं कंपनीनेच जाहीर केलं होतं. आता २३ अंश सांगलीत मे महिन्यात कुठे मिळणार? तिथे दुपारी पारा चाळिशीला टेकतो, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये वापराची मर्यादाच ० ते ४० अंश लिहिलेली असते. कंपनीचा आकडा कंपनीच्या खोलीतला आहे. तुमच्या मांडवातला आकडा तुम्हालाच काढावा लागेल.

माझी कामाची परीक्षा

कॅमेरा हातात आल्यावर बिलावर किंवा ऑर्डरच्या पानावर बदलून मिळण्याची मुदत बघा. सगळं त्या मुदतीत संपवा.

१. कागद. बॉक्स, बॉडी, बिल आणि वॉरंटी कार्डवरचा सीरियल नंबर एकच आहे ना? फोटो काढून ठेवा.

२. ठिपके. कोऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा एफ १६ ला फोटो काढा. हजारभर फोटो झाल्यावर पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

३. ऊन. दुपारी कापडी मांडवाखाली, ज्या सेटिंगवर लग्न शूट करणार त्याच सेटिंगवर व्हिडिओ चालू करा. किती मिनिटांनी थांबतो ते वहीत लिहा. काही जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप थांबतात. हे मंगलाष्टकं चालू असताना कळायला नको.

४. लाईट. मंगल कार्यालयातल्या एलईडीखाली व्हिडिओत पट्टे येतात का बघा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून आधी शटर १/५० किंवा १/१०० ठेवून बघा. अंधुक उजेडात चालत येणाऱ्या माणसावर फोकस टिकतो का, तेही तपासा.

५. कार्ड. कार्ड पूर्ण भरा, कॉम्प्युटरवर उतरवा आणि फाईली उघडून बघा. बनावट कार्डाची क्षमता लेबलवर एक आणि आत एक असते. भरल्याशिवाय ते कळत नाही.

६. बॅटरी. १०० टक्क्यांपासून बंद पडेपर्यंत वापरा. एका लग्नाला किती बॅटऱ्या लागतील, ते इथेच ठरेल.

७. एडिटिंग. तुमच्या लॅपटॉपवर ती एच.२६५ ची फाईल अडखळत चालत असेल, तर कॅमेरा पास आणि तुमचा सेटअप नापास. अल्बमची तारीख देण्याआधी हे माहीत हवं.

यात हजार-दीड हजार फोटो आणि दोन-तीन तासांचा व्हिडिओ होतो. म्हणजे साधारण अर्ध्या लग्नाचं काम. घरातलं बारसं किंवा मित्राचा साखरपुडा फुकट शूट करून दिला तर सरावही होतो.

नापास झाला तर?

दुकानदाराशी भांडू नका, पुरावा दाखवा. तारीख, सेटिंग, व्हिडिओ. तुम्ही कॅमेरा कंपनीने सांगितलेल्या मर्यादेतच वापरला होता, म्हणून तुमची बाजू भक्कम असते. नळाखाली धरणाऱ्याकडे हेच नसतं.

"धंद्यासाठी घेतला, म्हणजे आपण ग्राहक नाही," असं तोंडावर सांगणारे भेटतील. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वाचा. फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्यात 'व्यापारी हेतू'त धरलेली नाही. पाच बॉडी घेऊन ऑपरेटर ठेवलेत तर गोष्ट वेगळी. अडलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा

कितीही टेस्ट करा, कॅमेरा उद्या बंद पडणार नाही याची हमी कोणतीच टेस्ट देत नाही. अग्निपरीक्षा घेणाऱ्यांना नेमकी हीच हमी हवी असते, आणि ती बाजारात मिळत नाही. मिळतो तो पर्याय. दोन कार्ड स्लॉट असतील तर दोन्हीवर एकदम रेकॉर्डिंग. जुनी बॉडी विकू नका, बॅगेत ठेवा. जुनी नसेल तर त्या दिवसापुरती भाड्याने आणा आणि ते भाडं कोटेशनमध्ये धरा.

वधूच्या वडिलांना तुमचा कॅमेरा किती अंशांवर तापला याच्याशी देणंघेणं नाही. त्यांना अल्बममध्ये सप्तपदी दिसली पाहिजे. ती दिसली नाही, तर त्या गावातून आणि त्यांच्या सोयऱ्यांच्या गावांतून पुढची ऑर्डर येत नाही.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. कॅमेरा जुना असो वा नवा, वरच्या सात गोष्टी तपासून त्याचे आकडे वहीच्या एका पानावर लिहा आणि ते पान बॅगेत ठेवा. पुढच्या गिऱ्हाईकाशी बोलताना बघा, तुमच्या आवाजात फरक पडलेला असेल.