छप्पर नागरिकाचे, माकड कोणाचे?

सह्याद्रीच्या कुशीत व घाटमाथ्यावर वसलेल्या आमच्या गावांत पावसाळा तोंडावर आला की घरोघरी एक काम निघते. छपरावर माणूस चढवून फुटलेली कौले बदलून घ्यावयाची. पूर्वी ही कौले वाऱ्याने अथवा पडलेल्या झावळीने फुटत. आता ती माकडांच्या टोळ्यांनी फुटतात. बेळगाव असो, खानापूर असो, सावंतवाडी असो की डिचोली असो, परसातील पेरू-पपई घरच्या मुलांच्या हाती लागत नाही, टाकीचे झाकण जागेवर राहत नाही आणि वाळत घातलेले पापड-सांडगे राखण्यास काठी घेऊन एक माणूस बसवावा लागतो. तळकोकणात लाल तोंडाच्या माकडास केल्डे म्हणतात व काळ्या तोंडाचे ते वानर. नावे निराळी असली तरी घरधन्याच्या खिशास बसणारी तोशीस एकच आहे.

हा विषय हसण्यावारी नेण्याची आपल्याकडे चाल आहे. माकडचेष्टा हा शब्दच मुळी विनोदाचा. परंतु निवृत्त शिक्षकास अथवा विधवा बाईस दरसाल छपराच्या डागडुजीसाठी पदरचे पैसे मोजावे लागतात, तेव्हा त्यात विनोदाचा अंशही उरत नाही. आम्ही आज हा प्रश्न मांडीत आहो तो नागरी हक्काचा व सरकारी कर्तव्याचा प्रश्न म्हणून.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी केली, आणि शिकार या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक केली की तीत मारण्याबरोबर पकडणे, पिंजरा लावणे, आमिष दाखवणे हेही आले. हा कायदा आवश्यक होता, आजही आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु त्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पूर्वी ज्या उपद्रवाचा बंदोबस्त घरधनी आपल्या परीने करीत असे, तो करण्याचा अधिकार कायद्याने त्याच्या हातून काढून घेतला. अकराव्या कलमान्वये मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतो. पण पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत ती मनुष्यजीवितास धोका असेल अथवा प्राणी बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगग्रस्त असेल तेव्हाच मिळावयाची. मालमत्तेस धोका हे कारण कायद्याने दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांपुरते मान्य केले आहे.

आता गंमत पाहा. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तीत उत्तर हिंदुस्थानातील ऱ्हीसस जातीचे माकड अनुसूचींतून वगळण्यात आले, आणि दक्षिणेकडील, म्हणजे आपल्या भागातील टोपीवाले माकड मात्र पहिल्या अनुसूचीत जाऊन बसले. ते तेथून काढावे अशी मागणी केरळने २०२५ साली केली. ती मागणी योग्य की अयोग्य हा वाद शास्त्रज्ञांनी करावा. आमचा मुद्दा साधा आहे. ज्याने इलाजाचा अधिकार आपल्या हाती घेतला, त्याने इलाजाचे कर्तव्यही आपल्या शिरावर घेतले. बंदी सरकारची आणि भुर्दंड नागरिकाचा, ही वाटणी न्यायाची नव्हे.

प्रत्यक्षात काय घडते? नागरिक नगरपालिकेकडे जातो. तेथे सांगतात, वन्यप्राणी हा वनखात्याचा विषय. तो वनखात्याकडे जातो. तेथे सांगतात, वस्ती शहरातील, कचरा शहराचा, तेव्हा नगरपालिकेस विचारा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ही अवस्था. भरपाईची व्यवस्था आहे, पण ती मुळात गुरे, पिके आणि मनुष्यहानी डोळ्यांपुढे ठेवून रचलेली. शहरातील कौलांचा, टाकीचा, पाच झाडांच्या परसबागेचा विचार तीत कोठेतरी कोपऱ्यात. पंचनाम्यासाठी हेलपाटे घालण्यात जितका दिवस मोडतो तितक्या किमतीची कौलेही फुटलेली नसतात. म्हणून कोणी अर्जच करीत नाही. आणि अर्ज नाही म्हणून कागदोपत्री नुकसानही नाही.

मग लोक म्हणतात, माकडे पकडा आणि दूर नेऊन सोडा. हा उपाय ऐकावयास सोपा, म्हणूनच तो पुनःपुन्हा सुचवला जातो. परंतु त्याचे फळ काय, हे पाहण्यास आपल्याच देशात पुरेसे दाखले आहेत.

दिल्लीचे उदाहरण घ्या. २००७ साली तेथील उच्च न्यायालयाने माकडे पकडून असोला-भाटीच्या अभयारण्यात हलविण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीचे उपमहापौर एस. एस. बाजवा माकडांना हुसकावताना आपल्याच घराच्या सज्जातून पडून मृत्यू पावले. पुढे हजारो माकडे हलविली गेली, आणि तरीही दिल्लीची तक्रार संपली नाही. मधल्या काळात माकडांस भिववण्याकरिता वानर बाळगणारे लोक नेमले गेले. वानर हाही संरक्षित प्राणी असल्यामुळे २०१२ साली ती प्रथा बंद करावी लागली, तेव्हा वानराचा आवाज काढणारी माणसे आली. २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी तर राजधानीत वानरांची चित्रे कापून उभी केली गेली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, यापरते दुसरे वर्णन आम्हास सुचत नाही.

याचे कारण माकडाच्या स्वभावात आहे. टोळीतील माद्या जन्मभर आपल्या टोळीत व आपल्या मुलखात राहतात. नर वयात आले की दुसरीकडे जातात. एका आळीतील टोळी उचलली म्हणजे त्या आळीतील उकिरडा आणि देवळापुढील केळी काही उचलली जात नाहीत. मोकळा झालेला मुलूख शेजारची टोळी व्यापते. शिवाय पकडलेली टोळी सोडावयाची कोठे? शहराची माकडे रात्री गाडीत घालून खानापूरच्या अथवा चंदगडच्या रानात नेऊन सोडली, तर दुसऱ्या दिवशी ती रानात न राहता रानालगतच्या भातात व नाचणीत उतरतात. शहराने आपले दुखणे खेड्याच्या दारात नेऊन टाकावे, याला बंदोबस्त म्हणावयाचे काय?

हिमाचल प्रदेशाने दुसरा मार्ग धरला. २००७ च्या सुमारास तेथे माकडांवर संतती-निरोधाची शस्त्रक्रिया सुरू झाली. २०१६ च्या मार्चमध्ये सिमला शहराच्या हद्दीत केंद्र सरकारने माकड उपद्रवी ठरविले, म्हणजे मारण्यास मोकळीक दिली. परंतु भाविक लोकांपैकी फारसे कोणी त्या कामास पुढे आले नाही. मोकळिकीच्या हुकमापेक्षा शस्त्रक्रियेचे चिकाटीचे काम अधिक उपयोगी पडले असे दिसते. २००४ च्या गणनेत तेथे सुमारे ३ लाख १७ हजार माकडे होती, ती २०२० च्या सुमारास १ लाख ३६ हजारांवर आली. गणनेच्या पद्धतीविषयी मतभेद असतील. परंतु दशकाहून अधिक काळ एकाच उपायास धरून राहावे लागले, ही गोष्ट आमच्या नगरपालिकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शस्त्रक्रिया केलेले माकड कौले फोडावयाचे थांबत नाही. फळ मिळते ते पुढच्या पिढीस.

प्राणी हलविण्याचा धडा महाराष्ट्राने बिबट्याच्या बाबतीत याहून महाग किमतीने घेतला आहे. जुन्नर भागात उसाच्या फडांतून बिबटे पकडून लगतच्या जंगलांत सोडण्याचा उपक्रम या शतकाच्या आरंभी झाला. शंभराहून अधिक बिबटे सरासरी ४० किलोमीटरवर नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत, ते २००१ ते २००३ मध्ये १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, परतीची वाट शोधते, आणि वाटेत जी वस्ती लागेल तीस त्याचा उपसर्ग होतो. २०११ साली केंद्र सरकारने बिबट्यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही सरसकट पकडून सोडण्याच्या पद्धतीस आळा घालण्यावर भर आहे.

बेळगावकरांस बिबट्याची कथा परकी नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जाधवनगरात एका बांधकाम मजुरावर बिबट्याने हल्ला केला व तो गोल्फ मैदानाच्या झाडीत दिसेनासा झाला. भोवतालच्या शाळा दिवसच्या दिवस बंद राहिल्या. पिंजरे लागले, ड्रोन उडाले, शिमोग्याकडील सक्रेबैल छावणीतून हत्ती आणले गेले. बिबट्या शेवटपर्यंत हाती लागला नाही. वनखात्याच्या माणसांनी कष्ट केले नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ही सारी धावपळ वरातीमागून घोडे अशीच होती. बिबट्या शहरात का येतो याचे उत्तर पिंजऱ्यात सापडत नाही. ते उकिरड्यावर सापडते. कचऱ्यावर कुत्री पोसली जातात, आणि कुत्र्यांच्या मागोमाग बिबट्या येतो. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने हा अनुभव आला, आणि तेथे वनखाते, संशोधक व नागरिक यांनी २०११ पासून एकत्र बसून लोकशिक्षणाचे जे काम केले, ते इतर शहरांनी पाहण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीत जिवाचा प्रश्न आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळलेला माकडताप पुढे आमच्या शेजारी येऊन ठेपला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण निघाले. हा रोग गोचिडांमार्फत पसरतो आणि माकडे मरू लागणे ही त्याची पहिली सूचना असते. मेलेल्या माकडास हात लावू नये, ओढून टाकू नये, ताबडतोब कळवावे. आता प्रश्न असा की कळवावे कोणास? जेथे जिवंत माकडाचा वाली ठरलेला नाही, तेथे मेलेल्याचा कोण ठरवणार?

सरकारकडे आमच्या मागण्या येणेप्रमाणे आहेत. प्रत्येक शहरात वनखाते व नगरपालिका यांचा एकच संयुक्त कक्ष असावा, त्याचा एकच दूरध्वनी असावा, आणि तक्रार नोंदविल्याचा क्रमांक नागरिकास मिळावा. प्रभागवार माकडांच्या टोळ्यांची दरवर्षी मोजणी व्हावी. मोजल्यावाचून केलेला खर्च हा अंधारात मारलेला दगड होय. शस्त्रक्रियेचा कार्यक्रम हाती घ्यावयाचा असल्यास तो केंद्राच्या परवानगीसह, पशुवैद्यांसह आणि किमान दहा वर्षांच्या तरतुदीसह घ्यावा. शहरातील घराचे नुकसान भरपाईच्या कक्षेत स्पष्ट शब्दांत यावे, छायाचित्रावरून पंचनामा मान्य व्हावा, आणि निकालास मुदत असावी. जाळी बसविण्यास, टाकीस घट्ट झाकण करण्यास गरीब घरधन्यास अर्थसाहाय्य मिळावे. दरसालच्या भरपाईपेक्षा एकदाची जाळी सरकारासही स्वस्त पडेल. छपरावर आलेली फांदी छाटण्याचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहू नये. आणि सूचनापत्रके व अर्ज त्या त्या गावचे लोक वाचतात त्या भाषेत असावेत, हे सांगण्याची वेळ खरे तर येऊ नये.

या डोंगररांगेवर तीन राज्यांची वनखाती आहेत. जनावरास त्यांच्या हद्दी ठाऊक नाहीत. २००२ साली कर्नाटकातील रानांतून हत्ती दोडामार्गात उतरले, तेव्हाच हे सिद्ध झाले. तेव्हा बेळगाव, सिंधुदुर्ग, कोल्हापूर व उत्तर गोवा येथील अधिकाऱ्यांनी वर्षातून निदान दोनदा एकत्र बसावे, आणि एकाने पकडलेले जनावर दुसऱ्याच्या हद्दीत गुपचूप सोडण्याचा प्रकार होणार नाही अशी व्यवस्था ठरवावी.

परंतु सरकारला चार शब्द सुनावून नागरिकांचे कर्तव्य संपत नाही. शनिवारी मारुतीपुढे केळी-शेंगदाणे ठेवून पुण्य जोडावयाचे आणि रविवारी माकडांनी घर नासले म्हणून ओरडावयाचे, हे एकाच तोंडाने शोभत नाही. आयते अन्न मिळालेली टोळी लवकर वाढते आणि माणसाचे भय विसरते. देवळांच्या पंचांनी हा प्रसाद माकडांस घालणे बंद केले, तर देवाचा कोप होणार नाही. उलट भक्तांची छपरे वाचतील. ओला कचरा रात्री रस्त्यावर फेकण्याची सवय सोडली पाहिजे. माळ्यावर उदमांजराने बिऱ्हाड केले असेल तर धूर कोंडून मारण्याऐवजी, पिले नाहीत याची खात्री करून, ते रात्री बाहेर पडल्यावर भोक बुजवावे. माकड चावले वा ओरबाडले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि जे नुकसान होईल त्याचा अर्ज करावा, तारीखवार, छायाचित्रासह, प्रत्येक घराने. दहा लोकांची कुरबूर फाईलबंद होते. हजार अर्जांचा गठ्ठा टेबलावरून हलविण्यास मात्र कोणासही कष्ट पडतात.

रान शिल्लक राहिले पाहिजे, रानातील जनावर राहिले पाहिजे, हे आम्हास मान्य आहे. या डोंगरांचे पाणी आपण पितो आणि त्यांच्या सावलीत राहतो. परंतु रान राखण्याचे मोल साऱ्या समाजाने भरावयाचे की रानाच्या कडेला घर बांधलेल्या माणसाने एकट्याने, याचे उत्तर सरकारने दिले पाहिजे. पुढील पावसाळ्यापूर्वी किती शहरांत असा एक कक्ष, एक दूरध्वनी आणि एक उत्तरदायी अधिकारी नेमला जातो, त्यावरून ते उत्तर आम्ही वाचू.