छप्पर पक्के असेल त्याच्याच घरी सूर्य?

'छतावर सोलर बसवा, वीजबिल शून्य करा आणि वरून पैसे कमवा' अशी जाहिरात आज प्रत्येकाच्या मोबाईलवर येते. पैसे कोण कमावणार, हा प्रश्न मात्र आपल्यालाच विचारावा लागेल.

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. १ कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपये. १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार, ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार अनुदान. म्हणजे ज्याचे छत मोठे आणि विजेचा वापर जास्त, त्याला सरकारी पैसाही जास्त. महिन्याला ४०० युनिट जाळणाऱ्याची वरच्या दराची महाग वीज वाचते. ५० युनिट वापरणाऱ्या मजुराची वाचते ती सर्वात खालच्या दराची. शिवाय स्थिर आकार दोघांनाही भरावाच लागतो.

'कमाई'चेही तसेच. नेट मीटरिंगमध्ये जास्तीची वीज पुढच्या महिन्याच्या बिलात वळती होते. आर्थिक वर्षाअखेर उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण आपण ज्या दराने वीज विकत घेतो त्याहून बऱ्याच कमी दराने. म्हणजे ही कमाई नव्हे, बचत आहे. बचतही मोलाचीच, पण ती बचत म्हणूनच सांगा.

राज्याच्या 'स्मार्ट' योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १ किलोवॅटसाठी फक्त अडीच हजार, तर १०० युनिटच्या आत वापर असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला ५ हजार रुपये भरायचे आहेत. ही तरतूद चांगली आहे, तिचा लाभ घेतलाच पाहिजे. पण पवनी, लाखांदूर, साकोलीच्या वस्त्यांत जाऊन पाहा. घर कवेलूचे, नाहीतर टिनाचे. मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. जागेचा कागद नाही. मग अडीच हजारांची योजना असूनही ती दारातूनच परत जाते. जातीने जमीन नाकारली, जमिनीअभावी पक्के घर झाले नाही, आणि आता पक्के घर नाही म्हणून सूर्यही नाही.

१९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्यात बाबासाहेबांचा पराभव झाला, हे आपण दरवर्षी आठवतो. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना देशाच्या वीज धोरणाचा पाया त्यांनी घातला, हे किती जणांना माहीत आहे? वीज मुबलक आणि स्वस्त हवी, कारण औद्योगिकीकरणाशिवाय गरिबीचे चक्र तुटणार नाही, ही त्यांची १९४३ मधली भूमिका होती. वीज त्यांच्यासाठी श्रीमंतांच्या छतावरची सोय नव्हती, गरिबाच्या मुक्तीचे साधन होते.

म्हणून नुसती टीका करून थांबायचे नाही. आपण या मागण्या घेऊन ग्रामसभेत उभे राहू या :

१. रमाई आवासच्या प्रत्येक घरकुलाला स्लॅब पडतानाच सोलरची जोडणी मंजूर व्हावी.

२. ज्यांना छप्पर नाही त्यांच्यासाठी विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या छतावर सामूहिक प्रकल्प उभारावा आणि तिथल्या युनिटची वजावट वस्तीतल्या प्रत्येक घराच्या बिलात व्हावी.

३. सूर्यघर योजनेत प्रत्येक बसवलेल्या घरामागे स्थानिक संस्थेला १ हजार रुपये प्रोत्साहन आहे. ग्रामपंचायतीने त्याचा हिशेब मांडावा आणि तो पैसा आधी वस्तीत वापरावा.

४. मीटर नावावर करण्यासाठी गावातच शिबिर लावावे.

शिकलेल्या पोरांनी या आठवड्यात एवढे करावे : आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराचे बिल पाहावे. नाव कोणाचे, युनिट किती, छत कसले, हे वहीत उतरवावे. ती वहीच आपला अर्ज होईल आणि आपला पुरावाही.

सूर्य कोणाची जात विचारत नाही. योजनेनेही विचारू नये, यासाठी संघटित व्हावेच लागेल.

जय भीम!