दरपत्रक हेही फंक्शनच

संगमनेर तालुक्यात दूध संकलन केंद्र नाही असे गाव शोधावे लागेल. सकाळी कॅन येतो, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धेतर घनपदार्थ, कळतात. त्या जोडीसमोरचा दर दरपत्रकातून निघतो, दराला लिटरने गुणले जाते, पावती हातात पडते. दहा दिवसांच्या बिलातून पशुखाद्याची आणि उचलीची कपात होते. ‘राजहंस’ दुधाच्या या तालुक्यात हा हिशेब पोराटोरांनाही पाठ असतो. संगमनेरातच १९८३ पासून अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आजूबाजूच्या गावांतली मुले तिथे आणि इतरत्र संगणकशास्त्र शिकतात, आणि घरातल्या दुधाच्या हिशेबाची आज्ञावली लिहावी असे त्यांतल्या कित्येकांना वाटते.

ती लिहिताना एक अडचण हटकून येते. डेटा वेगळा आणि फंक्शन वेगळे, अशी विभागणी शिकवण्यातूनच मनात बसलेली असते. दरपत्रक म्हणजे डेटा, म्हणून ते एका कोपऱ्यात; त्यातून दर काढणारे फंक्शन दुसऱ्या कोपऱ्यात. मग ‘फॅट इतके असेल तर, नाहीतर’ अशी लांबलचक शिडी. दर बदलला की शिडीची पायरी न् पायरी तपासत बसायचे. वास्तविक अकरावीच्या गणितात याच मुलांनी फंक्शन म्हणजे क्रमित जोड्यांचा संच अशी व्याख्या शिकलेली असते. त्या व्याख्येने भिंतीवरचा दरतक्ता हे फंक्शनच आहे. फॅट-एसएनएफची एक जोडी द्या, एकच दर मिळेल. शिकलेले गणित आज्ञावलीपर्यंत पोहोचत नाही, हे आम्हाला खरे नुकसान वाटते.

युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली रूबी ही भाषा हे अंतर मिटवायला फार चांगली आहे. रूबीत सगळ्याच वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट. फंक्शनसुद्धा प्रॉक नावाची वस्तू. उलट दिशेचा, म्हणजे वस्तूचे फंक्शन करण्याचा, रस्ता हळूहळू तयार झाला. २०१५ च्या नाताळात आलेल्या २.३ आवृत्तीपासून हॅशला, म्हणजे किल्ली आणि किंमत यांच्या तक्त्याला, प्रॉकचे रूप घेता येते. किल्ल्यांची यादी ‘मॅप’ करताना फंक्शनच्या जागी थेट तक्ताच द्यावा, चालतो. २०१८ च्या नाताळात २.६ आवृत्ती आली आणि दोन फंक्शने बाणाच्या खुणेने एकापुढे एक जोडायची सोय मिळाली. पहिल्याचे उत्तर आपोआप दुसऱ्याला जाते. डावीकडे प्रॉक किंवा मेथड लागते. उजवीकडे ‘कॉल’ला उत्तर देणारी कोणतीही वस्तू चालते. म्हणजे कपातीचे नियम सांभाळणारा तुमचा स्वतःचा क्लास असेल, तर त्याला ‘कॉल’ नावाची एक मेथड द्या, तो साखळीत बसला. क्लोजर भाषेत तर तक्ता आणि संच पहिल्यापासून थेट फंक्शनसारखे वापरता येतात. रूबी तितकी पुढे गेली नाही. हॅशला स्वतःचा ‘कॉल’ नाही, त्याचे रूपांतर सांगून करावे लागते. आमच्या मते शिकणाऱ्याला हे बरेच आहे, कारण रूपांतर कुठे झाले ते डोळ्यांना दिसते.

पायऱ्यांची यादी हाही असाच गमतीचा भाग. नोंदीतून जोडी काढणे, दर शोधणे, लिटरने गुणून कपात करणे, पावती लिहिणे ही चार फंक्शने एका अ‍ॅरेत ठेवली आणि ‘रिड्यूस’ला जोडणीची खूण दिली की अख्ख्या यादीचे एकच फंक्शन होते. एका संस्थेत कपात वेगळी असेल तर यादीतली एक वस्तू बदलायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले आणि ते उत्पादकाच्या बँक खात्यात थेट जाणार होते. अशा वेळी त्याच नोंदींवर दुसरी यादी उभी राहते. सुरुवातीच्या पायऱ्या त्याच, शेवट निराळा.

पण जोडणी दिसते तितकी सरळ नाही, आणि शिकवताना ते लपवू नये. पायरीकडून पायरीकडे एकच गोष्ट जाते. जोडीतून दर काढला की हातात फक्त दर राहिला. लिटर मागे गळले, आता गुणाकार कशाने करणार? म्हणून प्रत्येक पायरीने संपूर्ण नोंद घ्यावी आणि तिच्यात एक रकाना वाढवून नवी नोंद पुढे द्यावी. किल्लीचेही तसेच. ३.६ हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका बसत नाही, १.२ ला ३ ने गुणून आलेला ३.६ आणि टंकलेला ३.६ रूबीला वेगवेगळे वाटतात, आणि तक्त्यात किल्ली सापडत नाही. म्हणून फॅट आणि एसएनएफ दहाने गुणून ३६ आणि ८५ असे पूर्णांक ठेवावेत. दोन आकड्यांचा अ‍ॅरे किल्ली म्हणून खुशाल वापरावा, आतले आकडे सारखे असले की रूबी ती किल्ली एकच मानते.

सगळ्यात मोठा धोका न सापडलेल्या किल्लीचा. साधा हॅश अशा वेळी मुकाट्याने ‘निल’ देतो. ते पुढे जाते आणि गुणाकारापाशी आज्ञावली कोसळते, जिथे चूक मुळात झालेलीच नाही. त्याहून वाईट म्हणजे मधे कोणी घाईने त्याचे संख्येत रूपांतर केले, तर निलचा शून्य होतो. पहाटे चारला उठून धार काढलेल्या माणसाच्या पावतीवर शून्य रुपये छापले जातात आणि आज्ञावली कुठेच तक्रार करत नाही. उपाय भाषेतच आहे. दर शोधणाऱ्या पायरीच्या आत हॅशची ‘फेच’ ही मेथड वापरावी. किल्ली नसली की ती तिथल्या तिथे थांबते आणि कोणती जोडी दरपत्रकात नव्हती ते सांगते.

तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून परदेशी दुकानांचे नमुने देण्याऐवजी त्यांच्या गावच्या संस्थेचे दरपत्रक द्यावे. चार पायऱ्या, एक यादी, आणि तपासणीसाठी मुद्दाम तक्त्याबाहेरची एक जोडी. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्या जोडीवरच विचारावा.